मॉर्मन शेजाऱ्यांच्या गावात

शुक्रवार : सॉल्ट लेक सिटी ते लीहाय

विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ तीन-चार कुटुंबं फुगे आणि हाताने रंगवलेले फलक घेऊन उभी होती. आजी-आजोबा, कडेवरची पोरं, मावस-चुलत भावंडं, सगळा गोतावळा. काळ्या सुटातला, छातीवर काळी नामपट्टी लावलेला विशीतला एक मुलगा सरकत्या जिन्यावरून उतरला आणि त्याची आई सगळ्यांना मागे टाकून धावली. तो ब्राझीलहून दोन वर्षांनी परत येत होता. मॉर्मन या ख्रिस्ती पंथातले मुलगे अठरा वर्षांचे झाले की दोन वर्षं चर्चच्या प्रचाराला जातात. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. २०१९पर्यंत घरी फोन करायची परवानगीही वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येतं.

भाची आणि भाचेजावई घ्यायला आले होते. अमेरिकेच्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय नावाचं गाव आहे. तिथे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग आपली मंडळीही. गेल्या वर्षी भाचीला दुसरं बाळ झालं. सिझेरियन होतं, आणि ताईला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. तेव्हा शेजारच्या मॉर्मन बायकांनी संध्याकाळचं जेवण आणून द्यायला सुरुवात केली. अंडं चालतं का, तिखट किती, हे आधी फोनवर विचारलं आणि मग रोज एकीची पाळी लागली. हे ऐकल्यापासून माझ्या मनात या लोकांविषयी कुतूहल होतं.

नाशिकहून निघण्याआधी ज्याला सांगावं त्याला मॉर्मनांबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या : एका पुरुषाला अनेक बायका, आणि चहा वर्ज्य. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे हे खरं. तो नेम १८३३चा. बहुपत्नीत्व मात्र चर्चने १८९०मध्ये अधिकृतपणे थांबवलं. आज कोणी तसं केलं तर त्याला चर्चमधून काढतात, आणि जे करतात ते फुटून निघालेले वेगळे पंथ आहेत. 'मॉर्मन' हे नावही आता चर्चला नको आहे. 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरा, असं ते २०१८पासून आवर्जून सांगतात. त्यांच्यात असताना मी ते पाळलं. इथे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी रूढ शब्द ठेवला आहे.

माझी आजी म्हणायची, माणूस देवळात बघू नये, पंगतीत बघावा. वाढताना हात कुठे आखडतो आणि शेवटच्या पानावर काय पडतं, ते बघावं. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने ग्रंथ उतरवला, ही त्यांची श्रद्धा मला पटत नाही. तिच्याशी वाद घालायला मी आलेच नव्हते. मला यांची पंगत बघायची होती.

शनिवार : टेंपल स्क्वेअर

या शहराचा नकाशा मंदिरापासून मोजायला सुरुवात होते. बहुतेक रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत : मंदिरापासून इतकं दक्षिणेला, इतकं पूर्वेला. रस्ते १३२ फूट रुंद, बैल जोडलेला छकडा वळवता यावा म्हणून. ज्या मंदिरापासून सगळं मोजायचं ते १८५३ ते १८९३ असं चाळीस वर्षं बांधलं आणि आता भूकंपापासून वाचवण्यासाठी पाया मजबूत करण्याच्या कामात ते परांच्यांनी वेढलेलं होतं. एरवीही मला आत जाता आलं नसतं. बिगरमॉर्मनांना प्रवेश नाहीच, आणि मॉर्मनांनाही बिशपशी, म्हणजे आपल्या वस्तीच्या धर्मप्रमुखाशी, मुलाखत होऊन परवाना मिळाल्याशिवाय जाता येत नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, सगळ्या व्यवहारात प्रामाणिक राहायचा प्रयत्न करता का, असे प्रश्न त्यात असतात. आपल्याकडे गाभाऱ्यात जायच्या आधी व्यवहाराचा हिशेब कोणी विचारत नाही, जात विचारत आले. हा फरक मला दिवसभर टोचत राहिला.

हे लोक इथे पळून आले. १८४४मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला ठार मारलं. मग त्याच्यानंतरचा नेता ब्रिगहॅम यंग याच्या मागे ते रॉकी पर्वत ओलांडून २४ जुलै १८४७ला या खोऱ्यात उतरले. पुढे बैलगाड्या परवडेनात, तेव्हा माणसं हातगाड्या ओढत आली. १८५६मध्ये उशिरा निघालेल्या हातगाड्यांच्या दोन तांड्यांना वायोमिंगमध्ये लवकर पडलेल्या बर्फाने गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सॉल्ट लेकमध्ये चर्चचं अधिवेशन भरत होतं. माळावर माणसं अडकल्याची बातमी आली. ब्रिगहॅम यंगने व्यासपीठावरून सांगितलं की आजचा धर्म एवढाच, त्या माणसांना घेऊन या. ते केलं नाही तर तुमची श्रद्धा तुम्हाला तारणार नाही. काही दिवसांतच पिठाची पोती आणि पांघरुणं भरलेल्या गाड्या निघाल्या. याच माणसाच्या धाकातल्या प्रदेशात पुढच्याच वर्षी काय घडलं, ते मी आठवड्याच्या शेवटी पाहणार होते.

टॅबरनॅकल या त्यांच्या सभागृहात ऑर्गन ऐकला. ११,६२३ नळ्यांचा तो आवाज छातीत भरतो. पण दुपारचे खरे तास गेले फॅमिली सर्च लायब्ररीत. जगभरच्या वंशावळी इथे कोणालाही फुकट पाहता येतात. मदतीला सत्तरीच्या एक सेवेकरी बाई होत्या. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं संगणकावर काढून दिली. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांकडे असतात तशाच लांबट वह्या, आडव्या ओळी, घराण्यांची नावं, सह्या. अमेरिकेतल्या वाळवंटात ते अक्षर पाहून मला भरून आलं. बाईंनीच सांगितलं, १८५०च्या दशकात ह्यू फिंडले नावाचे त्यांचे स्कॉटिश प्रचारक मुंबई आणि पुण्यात राहून गेले; पुण्यात एक लहानशी शाखाही निघाली होती.

हे सगळं ते जमवतात कशासाठी, हेही मला माहीत होतं. मेलेल्या पूर्वजांचा त्यांच्या वतीने बाप्तिस्मा करता येतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावंही त्यात घातली गेली, ज्यू संघटना संतापल्या आणि १९९५मध्ये चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. मी बाईंना सरळ विचारलं, माझ्या आजीचं नाव इथे टाकलं तर तुम्ही तिला मॉर्मन कराल का? त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नियम असा आहे की ज्याने त्याने आपल्याच पूर्वजांचं करायचं. लोकांनी तो मोडला आहे, ते चूक होतं. आणि आमच्या समजुतीप्रमाणे तुमच्या आजीला तिकडे नाही म्हणायचा हक्क आहे." माझी आजी नाहीच म्हणाली असती, हे मी त्यांना सांगितलं.

रविवार : लीहाय

महिन्याचा पहिला रविवार. या दिवशी मॉर्मन लोक दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे पैसे, जमलं तर त्याहून जास्त, गरिबांसाठी देतात. शेजारच्या बाईंनी मला प्रार्थनेला बोलावलं होतं. भाचीही बाळाला घेऊन आली.

मंदिर वेगळं आणि रविवारचं प्रार्थनाघर वेगळं. इथे कोणीही जाऊ शकतं. खोली साधी, मूर्ती नाही, क्रूसही नाही. बाकांवर पोरं कुरमुऱ्यांसारखं काही डब्यातून खात होती, रडत होती, आणि कोणी मागे वळून डोळे वटारत नव्हतं. पगारी धर्मगुरू नसतो. या वस्तीचा बिशप दातांचा डॉक्टर आहे. चार-पाच वर्षं हे काम बिनपगारी करायचं, मग दुसऱ्याने. वस्तीला 'वॉर्ड' म्हणतात आणि वॉर्डाच्या हद्दी नकाशावर आखलेल्या असतात. माणूस जिथे राहतो तिथल्याच वॉर्डात जातो, आपल्या आवडीचा किंवा आपल्या ऐपतीचा कळप निवडता येत नाही. शेजारी कसाही असला तरी तो तुमचाच. या समाजाची बरीचशी वागणूक या एका रचनेतून येते, असं माझं मत झालं.

पाव आणि पाण्याचे छोटे पेले बारा-तेरा वर्षांची मुलं बाकाबाकांवर फिरवत होती. त्यांत एक मुलगा कृष्णवर्णीय होता. जून १९७८पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना हे चर्च पौरोहित्य देत नव्हतं. या मुलाच्या आजोबांना त्याच्या वयात ते तबक हाती धरता आलं नसतं. मुलींना ते आजही मिळत नाही. चर्चमध्ये पौरोहित्य पुरुषांचंच आहे. तिथे यांचा हात आखडतो, आणि तो मला दिसला, हे लिहिलंच पाहिजे.

उपासाच्या रविवारी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठून ध्वनिक्षेपकासमोर जायचं आणि आपला अनुभव सांगायचा. बरेच जण तीच तीच वाक्यं बोलले. मग चाळिशीतला एक गृहस्थ गेला. म्हणाला, "माझी नोकरी गेल्यापासून सात महिने आम्ही बिशपच्या कोठारातलं अन्न खाल्लं. सोमवारपासून मला काम लागलं आहे. ज्यांनी ज्यांनी उपास करून पैसे दिले त्यांचे आभार." एवढं बोलून तो जागेवर येऊन बसला. बायको शेजारी बसली होती, मुलं बसली होती. कोणी कुजबुजलं नाही, कोणी कणव दाखवली नाही. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मागे हात करून त्याचा गुडघा थोपटला, बस. आमच्या ओळखीतल्या एका घराने वर्षभर उधारीवर दिवस काढले आणि सख्ख्या भावालाही कळू दिलं नाही. लाज इतकी होती. घेणाऱ्याची मान ताठ राहील असं देणं, हे मी इतक्या जवळून क्वचित पाहिलं आहे.

नंतर बायका एकत्र जमल्या. त्यांच्या संघटनेला रिलीफ सोसायटी म्हणतात, १८४२पासून चालत आलेली. त्यात एक कागद फिरला : कोणाला केमोथेरपीला नेऊन आणायचं आहे, कोणाचं घर बदलायचं आहे, कोणाकडे बाळ झालं आहे. बायका पर्समधलं पेन काढून आपलं नाव लिहीत होत्या. भाचीकडे आलेलं जेवण अशाच एका कागदावरून आलं होतं.

घरी आल्यावर भाचेजावई म्हणाले, "म्हणजे नेमून दिलेला चांगुलपणा." मला तो आक्षेप मान्य नाही. वारीत दिंडीच्या मुक्कामाला कोणत्या गावाने कोणत्या दिवशी पिठलं-भाकरी करायची ते पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. त्याने त्या भाकरीचं मोल कमी होत नाही. मनात आलं तरच करणाऱ्या माणसाच्या भरवशावर बाळंतिणीला उपाशी झोपावं लागतं.

भाचीची तक्रार वेगळी होती आणि ती मला जास्त लागली. तिचा मोठा मुलगा आठ वर्षांचा आहे. मॉर्मन मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. वर्गातल्या मित्रांचा एकेकाचा झाला, घरोघरी समारंभ झाले, आणि त्यांच्या बोलण्यातून हा हळूहळू बाहेर पडला. कोणी वाईट बोललं नाही. रविवारी खेळायला येत नाहीत, बुधवारी त्यांच्या चर्चच्या मुलांचे खेळ असतात, सहली असतात. "पोराला कोणी हाकलत नाही ग मावशी," ती म्हणाली, "पण कोणी हाकही मारत नाही."

सोमवार : लेबर डेची सुट्टी

सोमवारची संध्याकाळ मॉर्मन घरात कुटुंबासाठी राखलेली असते. शेजारच्या बाईंनी आम्हाला त्यांच्याकडे बोलावलं. त्यांना पाच मुलं. थोरली कॉलेजात, धाकटा भाचीच्या मुलाच्याच वर्गात. मी चहा घेते हे भाचीकडून कळल्यावर त्यांनी दुकानातून चहाच्या पुड्या आणून ठेवल्या होत्या. किटलीत पाणी तापवून म्हणाल्या, "मला हा करता येत नाही. तुम्हीच करून घ्या." ज्या घरात पिढ्यान्पिढ्या चहा शिजला नाही, त्या ओट्यावर मी माझा चहा केला. त्या शेजारी उभ्या राहून बटाट्याचा चीज घातलेला पदार्थ ओव्हनमधून काढत होत्या. मयताच्या घरी नेतात म्हणून त्याला इथे 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात, पण तो सणासुदीलाही होतो. फार चविष्ट असतो.

भाचीने धीर करून मुलाचं त्यांना सांगितलं. बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग स्वतःच्या मुलाला हाक मारून त्यांनी विचारलं आणि तो म्हणाला, "मला वाटलं त्याला यायचं नसेल." दोन्ही पोरं मागच्या अंगणात ट्रँपोलिनवर गेली. प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. बुधवार पुन्हा येणार, आणि बोलवायचं कोणी, हे आईला आठवावं लागणार.

मंगळवार : वेल्फेअर स्क्वेअर

सॉल्ट लेक सिटीत रेल्वेरुळांच्या पश्चिमेला १७८ फूट उंचीचं धान्याचं कोठार आहे. १९३०च्या मंदीत माणसं बेकार झाली तेव्हा चर्चने १९३६मध्ये मदतीची योजना आखली. हे आवार त्यातून उभं राहिलं. बेकरी, दूध प्रक्रिया, डबाबंद करण्याचा कारखाना, आणि बिशपचं कोठार.

कोठार आतून किराणा दुकानासारखं दिसतं. फळ्यांवर पीठ, डाळींचे डबे, लोणी, भाजी, साबण. गल्लापेटी मात्र नाही. बिशपची सही असलेला कागद घेऊन माणूस येतो, ढकलगाडीत सामान भरतो आणि जातो. जमेल त्याने त्या बदल्यात थोडं काम करावं अशी अपेक्षा असते : झाडू मारणं, डबे लावणं. काम करणाऱ्यांत गरजू कोण आणि सेवेला आलेले कोण हे मला ओळखता येईना. बेकरीत डोक्याला जाळी बांधून पाव पिशव्यांत भरणारे एक गृहस्थ हिशेबनीस निघाले. त्यांच्या वॉर्डाची आज पाळी होती. मी विचारलं, हे पाव कुणाकडे जातात ते तुम्हाला कळतं का? "कळू नये अशीच व्यवस्था आहे," ते म्हणाले.

या आवारात उभं राहून दुसरी बाजू विसरता येत नाही. चर्चकडे अब्जावधी डॉलरची गुंतवणूक आहे. ती कागदी कंपन्यांच्या नावांमागे लपवली म्हणून अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने फेब्रुवारी २०२३मध्ये गुंतवणूक सांभाळणाऱ्या एन्साइन पीक कंपनीला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलर दंड केला. व्यवहारात प्रामाणिक आहात का, हा प्रश्न मंदिराच्या दाराशी साध्या सभासदाला विचारणाऱ्या संस्थेने हे केलं. त्या हिशेबनीसाला मी हेही विचारलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि म्हणाले, "मला ते वाचून शरम वाटली. मी दहावा हिस्सा अजून देतो. उपासाचे पैसे मात्र आता आधीपेक्षा जास्त देतो, कारण ते कुठे जातात ते मला इथे दिसतं." संस्था आणि माणूस यांना एकाच काट्यावर तोलू नये, हे मला या उत्तराने जितकं पटलं तितकं कोणत्याही युक्तिवादाने पटलं नसतं.

बुधवार : प्रोव्हो, स्पॅनिश फोर्क

प्रोव्होत ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी आहे. रस्त्यावर नीटनेटकी, दाढी गुळगुळीत केलेली मुलं. विद्यापीठाच्या नियमांत दाढीला मनाई आहे. इथल्या एका कॉफीच्या दुकानात भाचीची मैत्रीण भेटली. चार वर्षांपूर्वी तिने चर्च सोडलं.

तिच्या बोलण्यात राग कमी आणि दुःख जास्त होतं. मॉर्मन श्रद्धेत कुटुंब मंदिरात बांधलं गेलं की मरणानंतरही अखंड राहतं. त्यामुळे एक जण बाहेर पडला की त्या साखळीतली कडी तुटते. "आई वर्षभर रडत होती," ती म्हणाली. "ती मला शिक्षा देत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी तिला कायमची दुरावले." लहानपणापासूनच्या मैत्रिणी दुकानात समोर दिसल्या की दुसऱ्या रांगेत वळायला लागल्या. प्रत्येक घराला रिलीफ सोसायटीतल्या दोघी नेमून दिलेल्या असतात, विचारपूस करायला. तिने सोडल्यावरही त्या दोघी येत राहिल्या. एकीने काही महिन्यांनी विचारलं, "परत कधी येणार?" आणि पुढे यायची थांबली. दुसरीने कधीच विचारलं नाही. तिचं नाव यादीतून केव्हाच निघालं आहे, तरी ती अजून येते. गेल्या महिन्यात टोमॅटो घेऊन आली होती.

मी तिला विचारलं, हा समाज चांगला म्हणायचा की वाईट? तिने हात आपटला नाही की खांदे उडवले नाहीत. बराच विचार केला. "माझं घर जळलं तर सगळ्यांत आधी हेच लोक येतील," ती म्हणाली. "मी बदलले तेव्हा मात्र फार थोडे आले."

संध्याकाळी स्पॅनिश फोर्कचं राधाकृष्ण मंदिर पाहिलं. मक्याच्या नि गवताच्या रानात पांढरे घुमट, अंगणात मोर आणि लामा नावाचे उंच मानेचे प्राणी. इस्कॉनच्या या मंदिराच्या बांधकामात मॉर्मन विद्यार्थ्यांनी श्रमदान केलं, आणि इथल्या होळीत रंग खेळणारी बहुतेक मुलं त्याच विद्यापीठातली असतात. आरती झाली, प्रसाद घेतला, पुढे निघालो.

गुरुवार : कोव्ह फोर्ट, सेंट जॉर्ज

दिवस प्रवासातच गेला. हमरस्त्याला लागून कोव्ह फोर्ट आहे, काळ्या ज्वालामुखी दगडाची १८६७ची वाटसरूंसाठीची गढी. निवृत्त मॉर्मन जोडपी स्वखर्चाने तिथे येऊन राहतात आणि फुकट माहिती देतात. आम्हाला थंड पाणी मिळालं, सावली मिळाली, धर्मावर एक शब्द नाही.

सेंट जॉर्जला पोचलो तेव्हा उन्हाने दगड भाजत होते. मी या गावात आले ती माउंटन मेडोजच्या कत्तलीचा इतिहास लिहिणाऱ्या जुआनिटा ब्रुक्स यांच्यासाठी. त्या इथल्या शिक्षिका, श्रद्धाळू मॉर्मन. तरुणपणी एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं, मी जे पाहिलं ते मरण्याआधी लिहून घे. त्यांचं जाणं लांबलं, आणि त्या पोचल्या तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत 'रक्त, रक्त' म्हणत होता. मग बाईंनी आयुष्यातली वर्षं त्या शोधात घातली. कोणी दारात आलं की टाइपरायटरच्या कागदांवर इस्त्रीचे कपडे पसरायच्या, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. १९५०मध्ये त्यांनी सगळं छापलं. नाराजी सोसली, पण चर्च सोडलं नाही. पाळण्यापासून ज्या समाजात वाढलो त्याचं सर्वांत काळं पान त्याच समाजात बसून लिहायचं, आणि रविवारी त्याच बाकांवर जाऊन बसायचं, यापेक्षा मोठं धर्माचरण मी या प्रवासात पाहिलं नाही.

शुक्रवार : माउंटन मेडोज

सेंट जॉर्जच्या उत्तरेला तासाभराच्या आत हे कुरण लागतं. गवत, झुडपं, दगडांचा एक ढीग, टेकडीवर नावं कोरलेली भिंत. ११ सप्टेंबर, कत्तलीचा दिवस, जवळ होता. कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

१८५७मध्ये आर्कान्सातून कॅलिफोर्नियाला निघालेला एक तांडा इथे उतरला होता. अमेरिकेचं सैन्य यूटावर चालून येतंय अशा बातम्या होत्या, व्यासपीठांवरून जहाल भाषणं चालली होती, परक्यांविषयी भीती होती. स्थानिक मॉर्मन लष्कराने, पायूट या मूळनिवासी जमातीतल्या काही लोकांना बरोबर घेऊन, तांड्याला वेढलं. पाचव्या दिवशी पांढरं निशाण घेऊन ते पुढे आले : शस्त्रं खाली ठेवा, आम्ही तुम्हाला सुखरूप नेतो. लोकांनी विश्वास ठेवला. पुरुषांच्या रांगेत प्रत्येकाशेजारी एक मॉर्मन शिपाई चालत होता. इशारा झाला आणि सुमारे १२० माणसं मारली गेली. पुरुष, बायका, मोठी मुलं. वाचली फक्त सतरा लहान मुलं, जी काही सांगू शकणार नाहीत असं वाटलं ती. त्यांना इथल्याच घरांत नेऊन वाढवलं आणि १८५९मध्ये आर्कान्सातल्या नातेवाइकांकडे पाठवलं. शिक्षा झाली एकालाच, जॉन डी. लीला, १८७७मध्ये याच जागी त्याला गोळ्या घातल्या. दोष मात्र वर्षानुवर्षं पायूटांवर ढकलला गेला.

हे करणारे लोक कोण होते? शेतकरी, लोहार, बाप, भाऊ. आजारी शेजाऱ्याचं शेत नांगरून देणारे, उपासाचं धान्य बाजूला काढणारे. म्हणजे आठवडाभर मी ज्याचं कौतुक करत आले तेच वागणं त्यांच्याही घरी होतं. ते आपल्या पंगतीपुरतं होतं.

मला आमचं मूळ गाव आठवलं. पहाटे काकड आरतीला जाणारी, मुंगीवर पाय पडू नये म्हणून बघून चालणारी माझीच माणसं. दुष्काळात त्यांनी घरातलं धान्य वाटलं आहे. आणि तीच माणसं महारवाड्यातल्या बाईच्या घागरीत पाणी वरून ओतायची, आपली घागर बाटू नये म्हणून. आतल्यांशी वागणं पाहून त्या घराला कोणी संत म्हटलं असतं. बाहेर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारायला हवं होतं.

२००७मध्ये, दीडशे वर्षांनी, हेन्री आयरिंग या चर्चच्या नेत्याने इथे उभं राहून चर्चच्या वतीने खेद व्यक्त केला. २०११मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. भिंतीवरची नावं मी सगळी वाचली. आडनावं परत परत येतात. घरंच्या घरं गेली.

शनिवार : पुन्हा लीहाय

सकाळी शेजारच्या बाई भोपळ्याचा केक घेऊन आल्या. कुठे कुठे गेलात, विचारलं. मी माउंटन मेडोजचं नाव घेतलं. त्यांनी नजर चुकवली नाही. "लहानपणी मला शिकवलं होतं की ते इंडियन लोकांनी केलं," त्या म्हणाल्या. "खरं कळलं तेव्हा मी तिशीत होते. माझ्या मुलांना मी स्वतः तिथे घेऊन गेले आहे, पाचही जणांना."

मग मी तो प्रश्न विचारला जो आठवडाभर माझ्याजवळ होता : तुमच्या घरातलं कोणी चर्चबाहेर गेलं आहे का? त्यांचा सख्खा भाऊ. तो सॉल्ट लेक सिटीत राहतो, त्याच्या पुरुष जोडीदारासोबत. चर्चला असा संसार मान्य नाही. बाईंचं स्वतःचं लग्न मंदिरात झालं तेव्हा भाऊ बाहेर हिरवळीवर उभा होता, कारण परवाना नसलेल्याला आत जाता येत नाही. आधी बाहेर नोंदणीचं लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं, म्हणून कोणी तसं करत नसे. "त्या दिवसाच्या एकाही फोटोत तो नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यावर कधी बोललोही नाही, बरीच वर्षं."

२०१९मध्ये चर्चने ती वर्षाची अट काढली. थोरल्या मुलीचं लग्न येत्या मे महिन्यात आहे. आधी घरामागच्या अंगणात, मामा आणि त्याच्या जोडीदारासमोर, नंतर मंदिरात. दोघांनाही पहिल्या ओळीत बसवायचं मुलीनेच ठरवलं आहे. वॉर्डातल्या काही जणांना ते आवडलेलं नाही, हेही बाईंनी सांगितलं. प्रार्थनाघरातून साठ घडीच्या खुर्च्या मागवल्या आहेत, आणि त्या आणायला बिशप आपली गाडी देणार आहे.